हद्दीबाहेरच्या गावांचा खर्च शहरानं उचलावा का?

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही पुण्यात कोथरूडमध्ये राहतो, दरवर्षी घसघशीत मिळकतकर भरतो. त्या पैशातून पीएमपीच्या बस हद्दीबाहेरच्या गावांना जातात, पाणी जातं, अग्निशमनचे बंब जातात. ती गावं महापालिकेला एक पैसा देत नाहीत. आमच्याच सोसायटीला दिवसाआड टँकर मागवावा लागतो. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, असं हे नाही का? मग आम्ही काय करायचं?"

मी ३२ वर्षं एका महानगरपालिकेच्या लेखा विभागात काढली. शेवटची काही वर्षं अंदाजपत्रकाचं टेबल माझ्याकडे होतं. पुण्याची महापालिका नव्हे, पण वेशीबाहेरच्या गावांचा हा प्रश्न सगळ्याच महापालिकांत सारखा असतो. तुम्ही पुण्याचं विचारलंत म्हणून पुण्याच्याच उदाहरणावर बोलते.

माझं उत्तर आधी सांगून टाकते. सेवा द्यावी. फुकट देऊ नये. आणि जी काही स्वस्तात द्यायची ती कुणाला, किती आणि का, हे अंदाजपत्रकात वेगळ्या लेखाशीर्षाखाली दिसावं. शहराचं नुकसान होतं ते बहुधा या शेवटच्या गोष्टीमुळे, आणि गावांचंही.

आता "आमचा कर" या शब्दांपाशी थोडं थांबते, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पुण्यात ३१ मार्च २०१३ पर्यंत जकात होती. मालाचा ट्रक नाक्यावर थांबायचा, पावती फाडली जायची आणि तो पैसा मालाच्या किमतीत मिसळायचा. मुळशीतला शेतकरी मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला लक्ष्मी रोडवर आला, की कापडावरची जकात त्याच्या खिशातून जायची. सासवडचा दुकानदार पुण्यातून घाऊक माल न्यायचा, त्यातही बऱ्याचदा जकात असायची. म्हणजे "ती गावं एक पैसा देत नाहीत" हे वाक्य तेव्हा साफ चुकीचं होतं. पुण्याच्या बाजारात खरेदी करणारा प्रत्येक माणूस महापालिकेचा करदाता होता, त्याला ते माहीत नव्हतं इतकंच.

पुढे १ एप्रिल २०१३ ला जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तो ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांपुरता गेला, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर उरलासुरलाही संपला. त्या बदल्यात राज्य सरकार महापालिकांना दरमहा भरपाई देतं. २०१६-१७ हे पायाभूत वर्ष धरून त्यात दरवर्षी ८ टक्के चक्रवाढ, असा २०१७ चा कायदा आहे. ही भरपाई राज्याच्या तिजोरीतून येते, आणि त्या तिजोरीत मुळशी, हवेली, पुरंदरच्या माणसानं साबणावर भरलेला जीएसटीही असतो. त्याच्या ग्रामपंचायतीला मात्र अशी भरपाई नाही.

घरं-जागांच्या खरेदीखतावर मुद्रांक शुल्कासोबत जो १ टक्का अधिभार महापालिकेला मिळतो, तोही असाच. हिंजवडीत नोकरी करणारा आणि अजून पुण्याचा मतदारही नसलेला मुलगा फ्लॅट घेतो आणि पहिल्याच दिवशी महापालिकेच्या उत्पन्नात भर घालतो. मिळकतकर हा तुमचा, हे मान्य. पण महापालिकेचं उत्पन्न म्हणजे केवळ मिळकतकर नव्हे. पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, कुठलंही अंदाजपत्रक उघडा आणि जमेची बाजू वाचा. जीएसटी भरपाई आणि बांधकाम परवानगीतून येणारा पैसा हे दोन आकडे मिळकतकराच्या शेजारीच मोठ्या टाइपात बसलेले दिसतील.

आता बसकडे वळू. बसचं गणित सगळ्यात उघडं असतं, आणि सगळ्यात चुकीचंही तेच वाचलं जातं.

पीएमपीएमएल, म्हणजेच पीएमपी, २००७ मध्ये झाली, पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून. कंपनी म्हणून नोंदली गेली, पण तूट भरायची दोन्ही महापालिकांनी: पुणे ६० टक्के, पिंपरी-चिंचवड ४०. बस मात्र या दोघांच्या हद्दीपलीकडेही जातात. २०१५ मध्ये पीएमआरडीए, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झालं आणि हद्दीबाहेरच्या बांधकाम परवानग्यांचं शुल्क त्याच्याकडे जाऊ लागलं. त्यानंही तुटीत वाटा उचलावा हा मुद्दा तेव्हापासून वारंवार निघतो आणि माझ्या मते तो रास्त आहे. त्याचं कारण पुढे सांगते.

आधी तूट कशी मोजतात ते बघा. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, कुठल्याही खऱ्या मार्गाचे नाहीत.

समजा स्वारगेटहून एका गावाला २४ किलोमीटरचा मार्ग आहे. पहिले १६ किलोमीटर हद्दीत, शेवटचे ८ बाहेर. दिवसाला जाऊन-येऊन ८ फेऱ्या, म्हणजे ३८४ किलोमीटर. खर्च किलोमीटरला ९० रुपये, उत्पन्न ५० रुपये. रोजची तूट १५,३६० रुपये. सभागृहात कुणीतरी उठतो आणि म्हणतो, "मार्गाचा तिसरा हिस्सा बाहेर आहे, म्हणजे रोज ५,१२० रुपये आपण त्या गावाला फुकट वाटतो. वर्षाला झाले साडेअठरा लाखांच्या वर!" बाकं वाजतात, दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट येते.

हा हिशोब चूक आहे. बस हद्दीवर थांबवली तर बाहेरचे १२८ किलोमीटर वाचतील. पण बस महामंडळाच्या मालकीची असेल, तर त्या १२८ किलोमीटरचे ९० रुपये वाचत नाहीत. चालक-वाहकाची ड्यूटी आठ तासांची आहे, पगार तोच. आगाराचा खर्च तोच. वाचतं ते इंधन, टायर आणि थोडी झीज, समजा किलोमीटरला ३५ रुपये. म्हणजे ४,४८० रुपये. आणि गमावतो काय? त्या गावातून रोज १५० माणसं चढत असतील आणि सरासरी ४० रुपयांचं तिकीट काढत असतील, तर ६,००० रुपये. ती माणसं हद्दीबाहेरच्या ८ किलोमीटरचंच नव्हे, हद्दीतल्या १६ किलोमीटरचंही भाडं देत असतात. फेरी बंद केली की तूट कमी व्हायच्या ऐवजी दीड हजारानं वाढते.

पण आता तीच बस ठेकेदाराची आहे असं धरा. हल्ली पीएमपीच्या ताफ्यात ठेक्याच्या बस भरपूर आहेत, आणि ठेकेदाराला किलोमीटरमागे ठरलेला दर द्यावा लागतो. तो दर ६५ रुपये धरला तर १२८ किलोमीटरचे ८,३२० वाचले, ६,००० गेले. रोज २,३२० रुपयांची बचत. उत्तर फिरलं! गाव तेच, प्रवासी तेच, तिकीट तेच. शिवाय सकाळी आठ ते दहाच्या वेळात ती बस हद्दीबाहेर असते, आणि त्याच वेळी कात्रजला लोक दाराला लोंबकळत असतात. त्या बसनं शहरात एक फेरी जास्त मारली असती तर काय मिळालं असतं, हाही हिशोब धरायला हवा. दुपारी दोनला हाच प्रश्न पडत नाही, कारण तेव्हा शहरातही बस रिकामीच धावते.

म्हणून "गावांना बस द्यावी का" असा सरसकट ठराव कुणी मांडला, तर मी लेखा विभागाचा शेरा एकच लिहायचे: मार्गनिहाय आणि वेळनिहाय वाढीव खर्च काढून प्रस्ताव फेरसादर करावा. लोकांना वाटायचं बाई खोडा घालतात.

गावाला बस गेली म्हणजे गावावरच उपकार झाले, हेही खरं नाही. तुमच्या सोसायटीत धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशी, वॉचमन, मार्केट यार्डातले हमाल, हॉस्पिटलातल्या आया यांपैकी किती जण हद्दीत राहू शकतात? शहरातली भाडी त्यांना परवडत नाहीत म्हणून ते बाहेर राहतात. त्यांच्या बसचं तिकीट महागलं तर त्याचा काही भाग पगाराच्या रूपानं तुमच्याकडेच मागितला जाणार. २०२१-२२ मध्ये एसटीचा संप लांबला, तेव्हा पीएमपीनं ग्रामीण मार्गांवर बस वाढवल्या. संप मिटल्यावर २०२२ च्या अखेरीस त्यातले बरेच मार्ग बंद करायचा निर्णय झाला. गावांतून ओरड झालीच, पण शहरातल्या दुकानदारांनी आणि कारखान्यांनीही त्या बस मोजून ठेवल्या असणार. कामगार उशिरा आला की मालकालाच आधी कळतं.

दराच्या बाबतीत पीएमपीनं एक बरं केलंय. १ जून २०२५ पासून भाडं टप्प्यांनुसार झालं, पहिल्या ५ किलोमीटरला १० रुपये, आणि पुढं अंतराप्रमाणे चढतं. दिवसाच्या पासचेही दोन दर आहेत: दोन्ही महापालिकांच्या हद्दीत ७० रुपये, आणि पीएमआरडीएच्या सगळ्या क्षेत्रासाठी १५०. म्हणजे हद्दीबाहेरचा प्रवासी पाससाठी दुपटीहून जास्त देतो. तुम्ही प्रश्न लिहिताना हे लक्षात घेतलं नसावं.

मुंबईची बेस्ट याच दुखण्यातून गेली आहे, जरा वेगळ्या वाटेनं. बेस्टच्या बस ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदरपर्यंत जातात, तूट मात्र मुंबईच्या गळ्यात. बेस्टचा वीजपुरवठा फक्त मुंबई शहर भागात आहे, आणि काही वर्षं तिथल्या वीजग्राहकांच्या बिलात परिवहनाच्या तुटीचा आकार लावला जात होता. म्हणजे कुलाब्यातला वीजग्राहक बोरिवलीच्या आणि ठाण्याच्या बसचे पैसे भरत होता, आणि बोरिवलीकर, ज्याची वीज दुसऱ्या कंपनीची, तो त्यातून सुटला होता. अनुदान नको तिथून काढून हवं तिथे दिलं की असं होतं. तुटीचा भार कुणावर टाकायचा हे ठरवताना आपण ज्याचं बिल हातात आहे त्याला धरतो. ज्याला फायदा झाला त्याला शोधायचे कष्ट कोण घेणार?

पाण्याचं प्रकरण जास्त नाजूक आहे. इथे मी तुमच्या बाजूनं कमी आणि विरुद्ध जास्त बोलणार आहे, आधीच सांगते.

पुण्याला पाणी येतं खडकवासला साखळीतून: खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. चारही धरणं मिळून साधारण २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट. यातलं एकही धरण पुण्याच्या पेठांत नाही. पानशेत-वरसगावच्या पाण्याखाली गावं गेली, माणसं उठली, आणि खाली दौंड-इंदापूरच्या कालव्याला पाणी सोडायची वेळ आली की दरवर्षी भांडण होतं. शहर जे पाणी वापरतं ते दुसऱ्यांच्या जमिनीवर साठलेलं आणि दुसऱ्यांच्या शेतातून कापलेलं असतं. महापालिका पाटबंधारे खात्याला पाण्याचे पैसे देते, ते मी मोजते. पण त्या दरात बुडालेल्या जमिनीची किंमत कधीच पूर्ण येत नाही. मुंबईचं याहून ठळक आहे. भातसा, तानसा शहापूर तालुक्यात, आणि त्याच तालुक्याच्या गावांत उन्हाळ्यात टँकर फिरतो. मुंबईच्या जलवाहिनीच्या कडेला हंडे घेऊन बसलेल्या बायकांना "तुम्ही आमच्या करावर जगता" असं कोण सांगेल?

म्हणून हद्दीपासून ५ किलोमीटरच्या आतल्या गावांना महापालिकेनं पाणी द्यावं, असं राज्य सरकारनं पुण्याला सांगितलं तेव्हा मला त्यात वावगं वाटलं नाही. वावगं असतं ते पुढच्या अंमलबजावणीत. त्याचीच एक गोष्ट सांगते, माझ्या नोकरीतली.

आमच्या महापालिकेनं शेजारच्या तीन गावांना नळजोड दिला. करारात बल्क मीटर, म्हणजे गावाला जाणारं सगळं पाणी एकत्र मोजणारा मीटर लिहिला होता, दर लिहिला होता, तीन महिन्यांत बिल न भरल्यास जोड तोडायचं कलमही होतं. पहिल्या वर्षी दोन गावांनी बिलं भरली. तिसऱ्यानं लिहिलं की ग्रामपंचायतीकडे निधी नाही. आम्ही स्मरणपत्रं पाठवत राहिलो. जोड तोडायचा विषय निघाला की कुठूनतरी फोन यायचा. चौथ्या वर्षी बाकीच्या दोघांनीही भरणं थांबवलं. का भरावं? थकबाकी ताळेबंदात येणे म्हणून दिसत राहिली, दरवर्षी फुगत. एकदा मी स्वतः बल्क मीटर बघायला गेले. मीटरला काचच नव्हती, आत मुंग्यांनी घर केलं होतं. गावात तर पाणी पोचतच नव्हतं! मधल्या टाकीवरून टँकर भरले जात होते आणि ते जात होते रस्त्याच्या पलीकडच्या एका नव्या गृहप्रकल्पाकडे. त्या प्रकल्पाच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलं होतं: महापालिकेचं पाणी उपलब्ध.

त्या दिवशी मला अनुदानाचं खरं व्याकरण कळलं. आपण म्हणतो गावाला स्वस्त पाणी दिलं. पण गावात पाणी येणार म्हटल्यावर जमिनीचा गुंठ्याचा भाव चढतो, आणि जमीन विकून मोकळा झालेला मालक आणि इमारत बांधणारा विकसक हे दोघे ते अनुदान आधीच खिशात घालतात. शेवटी फ्लॅट घेणारा चढ्या भावानं घेतो आणि वर टँकरही मागवतो. जुन्या गावठाणातल्या म्हातारीच्या हंड्यात त्यातलं फार थोडं पडतं. बसचंही तसंच, रस्त्याचंही तसंच. सेवा पोचली की जमीन महाग होते, आणि त्या महागाईचा वाटा सेवा देणाऱ्याला परत मिळत नाही.

यासाठीच पीएमआरडीएचा वाटा रास्त आहे असं मी वर म्हणाले. हद्दीबाहेर बांधकाम झालं की विकास शुल्क आणि अधिमूल्य (प्रीमियम) त्या प्राधिकरणाकडे जमा होतं. जमिनीच्या वाढलेल्या भावाला हात लावता येईल अशी ती एकमेव थाळी आहे. मग बसची तूट, पाण्याच्या वाहिन्यांचा खर्च, अग्निशमन केंद्रं यांचा भार त्याच थाळीतून उचलला पाहिजे. कोथरूडकराच्या मिळकतकरातून नको, आणि गावठाणातल्या घरपट्टीतूनही नको. गावठाण आणि टॉवर हे दोन वेगळे ग्राहक आहेत. त्यांना एकच "गाव" म्हणून दर लावला की गरिबाच्या नावावर श्रीमंताचं भागतं.

आता कचरा, कारण इथे अनुदान उलट दिशेनं वाहतं आणि त्याबद्दल शहरात कुणी प्रश्न विचारत नाही.

कोथरूडचा कचरा डेपो तुमच्या पिढीला आठवत असेल. आज तिथे मेट्रोचा डेपो आहे. शहराचा कचरा नंतर गेला उरुळी देवाची आणि फुरसुंगीला. तिथल्या विहिरींचं पाणी खराब झालं, माणसं वर्षानुवर्षं आंदोलनं करत राहिली, गाड्या अडवल्या गेल्या, आणि महापालिका त्या गावांना टँकरनं पिण्याचं पाणी पुरवत राहिली. आमच्यासारख्या लेखा विभागात असा टँकर खर्चाच्या बाजूला "हद्दीबाहेरील गावांना पाणीपुरवठा" असा दिसतो आणि वाचणाऱ्याला वाटतं, बघा किती उदार महापालिका! खरं म्हणजे ते कचऱ्याच्या जागेचं भाडं होतं. फार कमी भाडं. तुमच्या घरातला ओला-सुका कचरा दुसऱ्याच्या शिवारात टाकायची किंमत तुम्ही कधीच पूर्ण भरली नाहीत, मीही नाही.

सांडपाणीही तसंच. मुळा-मुठेतून जे वाहतं ते भीमेतून उजनीत जातं आणि सोलापूर जिल्ह्याच्या वाट्याला येतं. मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीतून, प्रक्रिया केलेलं पाणी बेबी कालव्यात सोडून वर्षाला साडेसहा टीएमसी शेतीला द्यायचं, अशी योजना झाली. कल्पना चोख आहे: धरणातलं स्वच्छ पाणी शहराला, शहराचं शुद्ध केलेलं पाणी शेतीला. पण त्या पाण्याच्या प्रतीवर शेतकरी सुरुवातीपासून तक्रार करत आलेत. शहरानं ते पाणी नीट शुद्ध करणं हे शेजाऱ्याला दिलेलं अनुदान नाही, ते त्याचं देणं आहे. हे दोन शब्द कागदावर वेगळे ठेवले की निम्मी भांडणं मिटतील.

दवाखान्यांबद्दल फार लिहीत नाही. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात मावळ, खेड, जुन्नरचे रुग्ण येतात. मुंबईच्या केईएम, सायन, नायरमध्ये तर निम्म्या महाराष्ट्राचे पेशंट जमिनीवर गाद्या टाकून असतात. बाहेरच्यांना जास्त केसपेपर फी लावा असा आग्रह अधूनमधून होतो. मला तो पटत नाही. दारात आलेल्या माणसाचं आधार कार्ड बघून इंजेक्शनचा दर ठरवणं मला जमलं नसतं, आणि त्यातून मिळणारा पैसा दोन जादा कारकुनांच्या पगाराइतकाही नसतो. त्यापेक्षा महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनेत पैसा रुग्णाच्या मागे चालत येतो. मावळचा रुग्ण पिंपरीत दाखल झाला तर बिल राज्याच्या योजनेकडे जातं. अडचण अशी की महापालिकांच्या रुग्णालयांत हे दावे वेळेवर भरायला माणूस नसतो आणि हक्काचे पैसे बुडतात. आधी तेवढं टेबल भरा, मग बाहेरच्या रुग्णांवर बोला.

अग्निशमनही लवकर संपवते. हद्दीबाहेरची वर्दी आली की बंब निघालाच पाहिजे, आग हद्द बघत नाही. कारखान्याची किंवा गोदामाची आग असेल तर नंतर बिल पाठवावं आणि ते वसूल करावं. झोपडी किंवा गवताची गंज असेल तर पाठवू नये. एवढंच.

"मग सरळ गावं महापालिकेत घ्या, म्हणजे कटकट मिटली," असं पुष्कळ जण म्हणतात. पुण्यानं ते केलं. १९९७ मध्ये ३८ गावं घेतली, २०१७ मध्ये ११, ३० जून २०२१ ला २३. आणि त्या ११ मधली दोन, फुरसुंगी आणि उरुळी देवाची, पुन्हा बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. होय, तीच कचऱ्याची गावं. समाविष्ट गावांना मिळकतकर एकदम लावायचा नसतो. पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीचाच दर, मग दरवर्षी २० टक्क्यांनी चढवत पूर्ण दरावर, असा नियम आहे. तरी बिलं हातात पडल्यावर लोक चिडले, कारण ड्रेनेज नाही, रस्ते नाहीत, पाण्याला टँकर, आणि कर शहराचा. पुढे राज्य सरकारनं वसुलीला स्थगिती दिली. लेखा विभागाच्या दृष्टीनं याहून वाईट अवस्था नाही: जबाबदारी पूर्ण आली, उत्पन्न थांबलं. हद्दीबाहेर असताना निदान करार करता येतो. हद्दीत आल्यावर तो माणूस मतदार असतो, आणि मतदाराचा नळ तोडायची हिंमत कोण करतं?

विलीनीकरणानं अनुदान संपत नाही, फक्त दिसेनासं होतं. आधी ते "हद्दीबाहेर" या शीर्षाखाली होतं, आता कोथरूड आणि नव्यानं घेतलेली वाघोली एकाच बेरजेत मिसळले. काही गावं घेणं अटळ असतं, मला मान्य आहे. पण आर्थिक उपाय म्हणून विलीनीकरण सुचवणाऱ्यानं आधी त्या गावात गटारं टाकायला किती कोटी लागतील ते सांगावं.

दुसरा मार्ग आहे, आणि तो पुस्तकी नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात मिनीआपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांच्या परिसरात १९७१ च्या कायद्यानं ठरलं की व्यापारी आणि औद्योगिक मालमत्तांच्या करपात्र मूल्यात जी वाढ होईल तिचा ४० टक्के भाग एका सामाईक खात्यात जाईल आणि तिथून सगळ्या गावांना वाटला जाईल. मॉल कुणाच्या हद्दीत उभा राहतो यावर गावांची भांडणं त्यामुळे थोडी बोथट झाली. आपल्याकडे हिंजवडीच्या आयटी पार्कसाठी असं काही करता आलं असतं. कंपन्या एका हद्दीत, कामगार दुसऱ्या, बस तिसऱ्याची आणि वाहतूक कोंडी सगळ्यांची! ७४ व्या घटनादुरुस्तीत महानगर नियोजन समितीची तरतूद आहे, ती याचसाठी आहे: अनेक स्थानिक संस्थांनी एका टेबलावर बसून प्रदेशाचा विचार करावा. तिच्या हातात पैसा मात्र दिलेला नाही, आणि पैसा नसलेल्या समितीची बैठक कशी होते ते मी फार वेळा बघितलंय. चहा चांगला असतो.

तुम्ही विचारलंत की मग आम्ही काय करायचं. नगरसेवकाकडे जाऊन "गावांचं पाणी तोडा" म्हणू नका, तो होकार देईल आणि काही करणार नाही. त्यापेक्षा माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा. हद्दीबाहेरच्या प्रत्येक नळजोडाचं गेल्या पाच वर्षांचं बिल, वसुली आणि बल्क मीटर चालू की बंद. महापालिकेच्या टँकर भरणा केंद्रांवरून हद्दीबाहेर गेलेल्या टँकरची नोंदवही, त्यात पोचवल्याचा पत्ता असलाच पाहिजे. आणि पीएमपीच्या हद्दीबाहेरच्या मार्गांचा मार्गनिहाय हिशोब, स्वतःच्या बस आणि ठेक्याच्या बस वेगळ्या दाखवून. पहिल्या दोन अर्जांची उत्तरं आली की टँकरच्या वहीतले पत्ते बल्क मीटरच्या यादीशी लावून बघा. पत्त्यांमध्ये ग्रामपंचायतीची टाकी किती वेळा येते आणि गृहप्रकल्पांची नावं किती वेळा, ते मोजा. आमच्या महापालिकेत मी मोजलं होतं. टिपणी वर पाठवली. ती परत आली तेव्हा तिच्यावर हिरव्या शाईत "चर्चा करावी" असं लिहिलेलं होतं. ती चर्चा माझ्या निवृत्तीपर्यंत झाली नाही.